न दिसलेला डोंगर : मराठी बालवाङ्मयातील ज्वालामुखीचे चित्र



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली होती. मी विषय कळवला आणि दोन दिवसांनी मुख्याध्यापकांचा फोन आला. ‘सर, विषयात काही चूक तर झाली नाही ना? आपण मराठीचे प्राध्यापक.’ त्यांची शंका रास्त होती. चूक झालेलीच होती. ती विषयात नव्हती. पस्तीसएक वर्षांपूर्वी याच शाळेत मी दिलेल्या एका उत्तरात ती होती, आणि त्या उत्तराचा हिशेब देण्यासाठीच आज मी उभा आहे.

१९८९ साली मी मुलांसाठी बत्तीस पानांची एक सचित्र पुस्तिका लिहिली होती. विषय आपल्या काळ्या दगडाचा. आजोबा नातवाला शेताच्या बांधावर बसवून सांगतात की, हा दगड एके काळी वितळलेला रस होता, अशी तिची योजना. मजकूर बरा होता असे आजही मला वाटते. मुखपृष्ठावर मात्र प्रकाशकाने एक सुरेख निमुळता डोंगर काढवून घेतला. माथ्यावर बर्फ, बर्फातून उसळणारी तांबडी ज्वाळा आणि पायथ्याशी आपल्याकडची नांगरणी करणारी बैलजोडी! फुजीयामाच्या पायथ्याशी खिल्लारी बैल पाहून मी थोडा दचकलो होतो. पण पुस्तक देखणे दिसत होते आणि लेखकाला आपले पुस्तक देखणे दिसले की त्याचे डोळे अर्धे मिटतात. मी संमती दिली.

पुढच्या हिवाळ्यात गुरुजींनी मला इथे ती गोष्ट वाचायला बोलावले. वाचन संपल्यावर सहावी-सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने मुखपृष्ठाकडे बोट दाखवून विचारले, ‘सर, हा डोंगर आता कुठं आहे?’ मी हसून म्हणालो, ‘झिजून गेला, बाळ. सहा कोटी वर्षे म्हणजे काय थोडी झाली?’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी दाराशी उभे होते, त्यांनी वाजवल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांचे कार्ड आले. त्यावर चार ओळी होत्या. मुलीचा प्रश्न बरोबर होता; डोंगर झिजला असता तर त्याची मुळे राहिली असती; उत्तर सवडीने तपासावे; आणि येत्या रविवारी शिवारातल्या एका नव्या विहिरीवर मुलांना नेणार आहे, आपणही यावे. मी गेलो नाही. कार्डाला उत्तरही दिले नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी बालनियतकालिकांवर प्रबंध लिहून नुकतीच पीएच.डी. मिळवलेल्या माणसाला पोस्टकार्डाने दुरुस्त करावे, हे मला रुचले नव्हते. उत्तर तपासायला मी फार वर्षे लावली, आणि तोवर ते ऐकायला गुरुजी राहिले नाहीत.

तो डोंगर कधी नव्हताच. मग तो माझ्या पुस्तिकेवर आला कोठून? हा प्रश्न भूशास्त्राचा जितका आहे, तितकाच वाङ्मयाच्या इतिहासाचा आहे, म्हणून त्यावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. ज्वालामुखी हे नाव आपण घेतले ते हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात असलेल्या देवीच्या नावावरून. तिथे खडकाच्या फटींतून नैसर्गिक वायू बाहेर येतो आणि पेटत राहतो. ती ज्योत हेच देवीचे रूप. तिथे लाव्हा नाही, उद्रेक नाही. शास्त्राच्या अर्थाने ते स्थान ज्वालामुखी मुळीच नव्हे! म्हणजे शास्त्रीय संज्ञा म्हणून आपण जो शब्द उचलला, तो मुळात दुसऱ्याच वस्तूचा. त्याचा एक तोटा झाला. ज्वालामुखीत काही तरी जळत असते, अशी समजूत त्या शब्दाबरोबर घट्ट झाली. वास्तविक तिथे जळण्यासारखे फारसे काही नसते. आपल्याकडचा रस बाहेर आला तेव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सियसच्या घरात तापलेला असावा. लोहाराच्या ऐरणीवरचे लोखंड जसे न जळता लाल दिसते, तसा तो लाल दिसतो. त्याला आपण राख म्हणतो तीही जळून उरलेली राख नसते. वायूच्या जोराने फुटून भुगा झालेला खडक आणि काच असते.

परंतु या शब्दाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपले कन्नड भाषक शेजारी ज्वालामुखी म्हणतात आणि अग्निपर्वत असेही म्हणतात. तेलुगू-मल्याळममध्ये अग्निपर्वतच आहे. बंगालीत आग्नेयगिरी, तमिळमध्ये एरिमलै, जपानी भाषेतही अग्नी आणि पर्वत ही दोनच अक्षरे. इंग्रजी शब्द इटलीजवळच्या वल्कानो नावाच्या बेटावरून आला, तेही डोंगराचे बेट. या सर्वांत मराठी शब्द एकटा असा, की त्यात डोंगर नाही. त्यात फक्त मुख आहे, आणि मुख जमिनीतल्या भेगेलाही असू शकते. शब्दाने दार उघडे ठेवले होते. ते लावून घेतले चित्राने.

त्या चित्राचा उगम नेपल्समध्ये आहे. अठराव्या शतकात तिथे विल्यम हॅमिल्टन हा ब्रिटिश वकील होता. व्हेसुव्हियस त्याच्या खिडकीतून दिसे आणि तो डोंगर त्या काळात वरचेवर जागा होई. हॅमिल्टनने पिएत्रो फाब्रिस या चित्रकाराला बरोबर घेऊन उद्रेकाचे टप्पे, लाव्ह्याचे ओघ, खडकांचे नमुने यांची चित्रे काढवून घेतली आणि १७७६ साली हाताने रंगवलेल्या चित्रांसह तो ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्वालामुखी चित्रांतून शिकवणारे हे पहिल्या मोठ्या पुस्तकांपैकी एक. पुस्तक अस्सल होते, कारण समोर जे दिसले ते त्यात होते. दोष नंतरच्यांचा. इसवी सन ७९ मध्ये पाँपेई गाडणारा व्हेसुव्हियस युरोपच्या शिकलेल्या मुलाला आधीच ठाऊक होता. त्याचे चित्र मिळताच ज्वालामुखी म्हणजे व्हेसुव्हियस, असे समीकरण होऊन बसले. नेपल्सचा एक स्थानिक डोंगर साऱ्या जगाच्या ज्वालामुखींचा नमुना ठरला.

मराठीत शास्त्रीय विषयांची ओळख करून देणारे मासिक बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली काढले. ‘दिग्दर्शन’ हे त्याचे नाव. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय नकाशे-आकृत्यांसह मराठीत सांगण्याची हिंमत त्या तिशीच्याही आतल्या माणसाने केली, तेव्हा या विषयांसाठी मराठी शब्ददेखील घडवावे लागत होते. पुढे १८७०च्या दशकात अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ आला. १८८१मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ सुरू झाले आणि १९१४ साली ओक वारले तोवर त्यांनी ते नेटाने चालवले. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती हा त्यांचा पाठ ठरलेला असे. १९०६मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ आले. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघाले. माझ्या हायस्कुलात त्याचे जुने अंक दोऱ्याने बांधलेले होते आणि निपाणीच्या उन्हाळ्यात तंबाखूच्या वासात बसून मी ते वाचले आहेत. ‘किशोर’ १९७१मध्ये सुरू झाले. त्याची रंगीत पाने पाहून आम्हा आधीच्या पिढीला हेवा वाटे.

या सर्वांचे मोठे ऋण माझ्यावर आहे, आणि त्यांच्या संपादकांना दोष देण्याचा उद्देश नाही. पण एक गोष्ट प्रबंध लिहिताना माझ्या ध्यानात यायला हवी होती ती आली नाही. या परंपरेत मजकूर आपण लिहिला, चित्र उसने घेतले. मिशनरी मासिकांतील चित्रांचे ठसे बहुधा परदेशी असत. छपाईचा ठसा करवून घेणे खर्चाचे काम होते. हाताशी जे असेल ते वापरले जाई आणि हाताशी निमुळता डोंगरच असे. वर्गातल्या भिंतीवरचा तक्ता आठवा. मध्ये नळी, नळीच्या तळाशी लाल तलाव, माथ्यावर ज्वाळा. तक्त्याच्या शेजारची भिंत काळ्या दगडाची. तक्त्यातला डोंगर आणि भिंतीतला दगड यांचे नाते सांगणारे एखादे वाक्य कोणी बोलले असेल, चित्र मात्र कोणी काढले नाही.

गोष्टींनीही तेच केले. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. व्हर्नच्या १८६४च्या कादंबरीतील मंडळी आइसलँडमधल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातून पृथ्वीच्या पोटात उतरतात आणि इटलीतल्या स्ट्रॉम्बोलीच्या तोंडातून बाहेर फेकली जातात. भूशास्त्र म्हणून ते अशक्य. गोष्ट म्हणून मात्र अजोड. त्या वयात मीही कितीदा तरी त्या विवरात उतरलो. माझ्या मनातही ज्वालामुखी त्यामुळे आणखी दूर गेला, आइसलँडला गेला. पायाखाली तो आहे हे व्हर्नने सांगण्याचे कारण नव्हते. ते काम आमचे होते.

आपण एकटेच फसलो असेही नाही. युरोपातले पंडितसुद्धा काळा बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यात साचलेला गाळ समजत. फ्रायबर्गचा वेर्नर हा त्या मताचा मोठा आचार्य होता. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात देमारे याने १७६३ साली बेसाल्टचे खांब पाहिले, ते खडक कुठवर जातात याचा पायी माग काढला आणि तो थेट जुन्या विवरापर्यंत पोचला. त्यामुळे बेसाल्ट हा थिजलेला लाव्हा, हे मत उभे राहिले. तरी वाद पुढे कित्येक वर्षे चालला. कारण जिथे जवळपास डोंगर दिसत नाही, तिथे ज्वालामुखी होता हे मानायला माणसाचे मन तयार होत नाही.

आपल्या दख्खनेत तर हीच अडचण होती. कर्नल साइक्स यांनी १८३०च्या दशकात इथल्या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकावर एक रचलेले, जवळजवळ आडवे थर. घाटात त्यांच्या पायऱ्या दिसतात. ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आला. मराठी ग्रंथांत ‘दक्षिण ट्रॅप’ असे नाव वाचायला मिळते. आपल्या भागासाठी त्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा अधिकारी. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्याला अश्मयुगीन हत्यार सापडले म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याने घोड्यावरून नि पायी आपला सारा मुलूख पालथा घातला आणि १८७६मध्ये दक्षिण मराठा देश व लगतचे जिल्हे यांच्या भूशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बेळगाव त्यात आहे.

आता सीमेचा विषय निघाल्याशिवाय आमच्याकडे भाषण पुरे होत नाही, म्हणून तो काढतो. फूटच्या ग्रंथातली सीमा मात्र वेगळी आहे. लाव्ह्याचा दक्षिणेकडचा काठ आपल्या बेळगाव भागातूनच जातो. निपाणीकडे तुम्ही निश्चिंतपणे लाव्ह्यावर उभे असता. सांबऱ्याहून पूर्वेला गोकाककडे निघालात की कुठे तरी काळा दगड सरतो आणि कलादगी गटाचे वाळूचे खडक लागतात. घटप्रभा गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, ती त्या कठीण खडकावरून. तो खडक शंभर कोटी वर्षांहून जुना; लाव्हा फक्त साडेसहा कोटींचा. लाव्हा इथवर वाहत आला आणि त्या म्हाताऱ्या भूमीला टेकून थांबला. त्याला कोणी अडवले नाही. त्याचा रस संपत आला होता. उत्तरेला महाबळेश्वराकडे थरांची जाडी दोन हजार मीटरांच्या आसपास जाते, इकडे ते पातळ होत येतात. मुलांना नकाशा काढायला सांगायचा तर हा काढायला सांगावा असे मला वाटते. कोणाच्याही भावना दुखावत नाहीत.

मग डोंगर नव्हता तर काय होते? भेगा होत्या. जमीन लांबच लांब फाटली आणि त्या फटींतून पातळ रस वर येऊन पुराच्या पाण्यासारखा पसरला. बेसाल्टचा रस पातळ असतो, म्हणून तो ढीग करून बसत नाही, दूरवर वाहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला भेगीय ज्वालामुखी म्हणतात. बहुधा दोन ओळींत. नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, कोकणात, नाशिक-पुण्याच्या बाजूला त्या फटींत थिजून राहिलेला रस आज काळ्या भिंतींसारखा उभा दिसतो. गुरुजींनी कार्डात लिहिलेली ‘मुळे’ ती ही, आणि ती डोंगराची मुळे नाहीत. एखाद्या भागात ढालीसारखा रुंद, बसका उंचवटा असावा का, याची चर्चा अभ्यासकांत झालेली आहे. पण माझ्या मुखपृष्ठावरचा बर्फाचा सुळका त्या चर्चेत कुठेही नाही. आज उरलेला लाव्हाच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून दीडपटीने मोठा. एवढ्या रसाला एक नळी कशी पुरावी? त्या मुलीने हा हिशेब केला नसेल, पण चित्रातला डोंगर आणि गोष्टीतला पसारा यांचे माप जुळत नाही, हे तिला दिसले होते.

भेगेतून येणारा लाव्हा माणसाने लिहून ठेवला, तो आइसलँडमध्ये. ८ जून १७८३ रोजी लाकी येथे जमीन फाटली. सुमारे पंचवीस किलोमीटरांची ती भेग, तिच्यावर शंभराहून अधिक लहान लहान मुखे आणि आठ महिने चाललेला उद्रेक. यॉन स्टेइनग्रिमसन नावाच्या तिथल्या धर्मोपदेशकाने रोजची हकिकत टिपून ठेवली आहे. २० जुलैला लाव्हा गावाच्या दिशेने येत असता त्याने लोकांना चर्चमध्ये जमवून प्रार्थना केली आणि लाव्हा थांबला, ही आठवण तिथे आजही सांगतात. पण लाव्ह्याने जितकी हानी केली त्याहून वायूने केली. विषारी वायूने गवत नासले, गुरे मेली, दुष्काळ पडला आणि देशातील सुमारे पाचवा हिस्सा माणसे गेली. युरोपभर उन्हाळ्यात कोरडे धुके पसरले. मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे, कारण तिच्यात शेती आहे, गुरे आहेत आणि चारा आहे. लाकीने सुमारे चौदा-पंधरा घन किलोमीटर लाव्हा ओतला. दख्खनेतला एकेक मोठा ओघ त्याच्या कितीतरी पटींनी मोठा होता, आणि त्यांपैकी बहुतांश सारे दहाएक लाख वर्षांच्या आत घडले. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळही तोच. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत.

दहा लाख वर्षे रस सतत वाहत होता असे मात्र नाही. हे मला कळले ते निवृत्तीनंतर. आमच्या महाविद्यालयातील भूशास्त्राचे एक सहकारी आणि मी पुण्याला निघालो होतो. घाटात रस्ता रुंद करण्यासाठी कडा तासलेला होता. त्यांनी गाडी थांबवून काळ्या दोन थरांमधला विटकरी पट्टा दाखवला आणि म्हणाले, ‘ही माती. खालचा ओघ निवला, उन्हापावसात कुजला, त्याची माती झाली. मग वरचा ओघ आला आणि त्याने ती भाजून काढली.’ त्या पट्ट्याच्या जाडीएवढी उसंत पृथ्वीने घेतली होती. आपण उद्रेकाचेच चित्र काढतो; ही उसंत एका चित्रात मावत नाही. मी त्यांना त्या मुलीचा प्रश्न सांगितला. ते हसले आणि म्हणाले, ‘तुमच्या गुरुजींनी विहिरीवर बोलावले होते ना? तिथेच सगळे होते.’

विहिरीत काय दिसले असते, हे मी मग त्या विहिरीवर गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याकडून ऐकले. ते आज या सभागृहात आहेत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सच्छिद्र, ठिसूळ दगड आणि त्याच्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा घट्ट काळा पाषाण. विहीर खोदणाऱ्यांना ठाऊक असते की पाणी लागले तर ठिसूळ थरात लागेल, पाषाणात नाही. गुरुजींनी मुलांना कारण विचारले. कोणाला येईना, तेव्हा घरी उकळणाऱ्या पिठल्याचे भांडे आठवा म्हणाले. बुडबुडे वर येतात. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडेही वर आले आणि वरचा भाग निवताना तिथेच अडकले. म्हणून ओघाचा माथा सच्छिद्र आणि पोट घट्ट. त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर खनिजे उतरली आणि त्यांची स्फटिके झाली. आपण लहानपणी खिशात भरून आणलेल्या गारगोट्या अशा पोकळ्यांतूनच आल्या. मग गुरुजींनी पिशवीतून खडू काढले आणि विहिरीच्या काठच्या एका सपाट दगडावर एकामागून एक पाच चित्रे काढली. एक पुसायचे, दुसरे काढायचे. सपाट रान, रानात भेग, पसरलेला रस, रसावर उगवलेले झाड, आणि झाडावर आलेला दुसरा रस. डोंगर एकातही नव्हता.

ही पद्धत त्यांना कोठून सुचली असेल? इथून आंबोलीचा घाट उतरून गेले की कुडाळजवळ पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची कला सांभाळली आहे. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रे एकेक करून समोर धरायची आणि गात-सांगत रामायण-महाभारतातले आख्यान पुढे न्यायचे. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना पिंगुळीचे नाव प्रथमच कळले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे चित्रांतून सांगण्याची विद्या आपल्याला उसनी घ्यावी लागत नव्हती. चित्रकथ्याला ठाऊक असते की एका चित्रात कथा नसते. कथा दोन चित्रांच्या मधे असते. ज्वालामुखीचेही तसेच आहे. मुखपृष्ठाला एकच चित्र लागते, तिथेच माझा घात झाला. मात्र गुरुजींनी पिंगुळीचा खेळ पाहिला होता की नाही, हे मला त्यांना विचारता आले नाही.

एकाच चित्राने दगा दिल्याचे दुसरे मोठे उदाहरण लोणारचे. बुलढाणा जिल्ह्यातले ते जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचे गोल विवर. बेसाल्टमध्ये, काठ उचललेले, मध्ये पाणी. कोणीही म्हणावे की ज्वालामुखीचे तोंड, आणि तसे कितीतरी वर्षे म्हटले गेले. अशनी आदळल्याखेरीज न होणारी काच तिथल्या खडकांत सापडली आणि १९७३मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा निकाल लागला. जिथे ज्वालामुखीचे तोंड नाही तिथे आपण ते पाहिले, आणि जिथे पायाखाली पाच लाख चौरस किलोमीटर लाव्हा आहे तिथे पाहिला नाही!

या साऱ्याचा एक धागा फार लांब जातो. दख्खनेचा रस पृथ्वीच्या खोल भागातून वर येणाऱ्या ज्या उष्ण स्तंभामुळे आला, तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत आला. स्तंभ मागे राहिला आणि वाटेत बेटे उठवत गेला. मॉरिशस त्यांतलेच. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतून मराठी माणसे करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. तिथल्या उसाच्या शेतांतून काळे धोंडे वेचून त्यांचे ढीग रचण्याचे काम मजुरांनी केले. ते ढीग आजही दिसतात. त्यांना काय ठाऊक की हे धोंडे घरच्या धोंड्यांचे धाकटे भाऊ आहेत! त्यांच्या पणतवंडांना मराठीतून शिकवण्यासाठी कोणी सचित्र पुस्तक काढणार असेल, तर या गोष्टीपासून आरंभ करावा.

आजच्या मुलांची स्थिती आमच्यापेक्षा बरी आहे. २०२३च्या नोव्हेंबरात आइसलँडमधील ग्रिंडाविक हे गाव रिकामे करावे लागले आणि डिसेंबरात त्याच्या जवळ सपाट जमीन फाटून रसाची लांबलचक भिंत उभी राहिली. माझ्या नातवाने ते मोबाइलवर मला दाखवले आणि विचारले, ‘आबा, यात डोंगर कुठाय?’ पस्तीस वर्षांत मला हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला गेला होता. या वेळी मी म्हणालो, ‘नाही. आपल्याकडेही नव्हता.’

ती पुस्तिका मी पुन्हा लिहिली आहे. चित्रे याच शाळेतून शिकून गेलेल्या एका चित्रकला शिक्षकाने काढली आहेत. पहिल्या पानावर विहीर आहे. मग गुरुजींची पाच चित्रे, त्याच क्रमाने. पान उलटावे तेव्हाच पुढचा थर यावा, अशी मांडणी केली आहे. लाल पट्ट्यासाठी एक अख्खे पान ठेवले आहे आणि त्यावर एक झाड आहे, मजकूर नाही. चित्रकाराने विचारले, मुखपृष्ठावर काय काढू? अजून ठरलेले नाही; तुमच्यापैकी कोणाला सुचले तर सांगा. ती मुलगी आज चाळिशी ओलांडलेली असेल. ती इथे असेल, तर पहिले मत तिचे घ्यावे.

जुन्या पुस्तिकेच्या दोन प्रती तुमच्या ग्रंथालयात आहेत असे कळले, म्हणून सकाळी लवकर येऊन मी त्या मागून घेतल्या. दोन्हींच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लाल शाईने दुरुस्ती लिहून, आजची तारीख घालून, सही केली आहे. गुरुजींचे ते कार्ड मी इतकी वर्षे जपून ठेवले होते. ते त्यांतल्या एका प्रतीत ठेवून मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.